वेल्सच्या बटरची खारी

दत्ता,

शिवाजीचा फोन आला तेव्हा मी कोल्ड रूममधून अंड्यांचे ट्रे बाहेर काढत होतो. शिवाजी म्हणजे आपला पाटणचा, पाण्याचा टँकर चालवणारा. तुझ्याकडच्या सगळ्या बातम्या दोहात आधी त्याच्याकडे येतात. "विल्सन, आपला दत्ता गेला," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेला?" तो मग म्हणाला, "आरं, वारला. भट्टीसमोर खुर्चीत बसला हुता, तसाच गेला." मी ट्रे खाली ठेवला. बाहेर आलो, परत आत गेलो, परत बाहेर आलो. पोरांना वाटलं, शेफ काहीतरी विसरलेत.

हो, पेस्ट्रीतली पोरं मला आता शेफ म्हणतात. त्याबद्दलच तुझ्याशी बोलायचंय.

आज अकरावा दिवस. मला एका जागी बसवत नाही. ड्यूटी संपली की मुंतझातल्या खोलीवर येतो, बूट काढतो, परत घालतो आणि चालायला लागतो. अल हिलालपर्यंत जातो, तिथल्या व्हिलांच्या भिंतींच्या कडेनं फिरतो, परत येतो. काल बागेतल्या बाकावर टेकलो तर पाच मिनिटांत उठलो, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. शेजारच्या मल्याळी म्हाताऱ्यानं विचारलं, "बुखार है क्या?" शुक्रवारी मिस्साला गेलो तर फादरचं प्रवचन चालू असताना उठून बाहेर पार्किंगमध्ये उभा राहिलो. उन्हात. कुणाच्या तरी गाडीच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं, तिथूनही निघालो.

तुझं-माझं पहिलं बोलणं भांडणातच झालं होतं. अठ्ठ्याण्णव साल. हॉटेलची स्टाफ खोली, चार पलंग, एक एसी. मला तो फुल्ल लागायचा आणि तू कऱ्हाडहून आणलेली घोंगडी डोक्यावरून घेऊन आतून ओरडायचास, "आरं, माणसं ठेवायची हायेत का मासं?" मी वसईचा, मला ते 'मासे' झोंबले. आठवडाभर आपण एकमेकांशी बोललो नाही. मग किचनमध्ये आपल्या दोघांनाही पेस्ट्री सेक्शनला टाकलं आणि बोलणं भाग पडलं.

पहिल्याच दिवशी आपल्या फ्रेंच इनचार्जनं पफ पेस्ट्रीची लादी टेबलावर पसरली. पिठात बटरचा थर, घडी, लाटणं, पुन्हा घडी. तू बघत उभा राहिलास आणि मोठ्यानं म्हणालास, "आरं, ही तर खारी!" मी हसलो. मुंबईत कोर्स करून आलो होतो ना. मला पफ पेस्ट्री, घड्यांना लॅमिनेशन असले शब्द येत होते. तू कऱ्हाडच्या बेकरीत अब्दुलचाचांच्या हाताखाली बारा वर्षं खारी लाटून आला होतास, पण तुला शब्द येत नव्हते. इनचार्जनं गंमत म्हणून लाटणं तुझ्या हातात दिलं. तू लादी फिरवलीस, तिघडी घातलीस, कडा बोटानं चाचपल्यास आणि परत फिरवलीस. मग त्यानं तुझा हात धरून स्वतःच्या गालाला लावला आणि मला म्हणाला, "बघ, थंड आहे. असे हात कोर्समध्ये मिळत नाहीत." मी तुला त्याचं भाषांतर करून सांगितलं तेव्हा शेवटचं वाक्य गाळलं. ही माझी पहिली चोरी समज.

त्यानंतर मी तुझं इंग्रजी सुधारायचो आणि तू माझे हात. "गरम झालं की सोड. बटर रागावतंय," असं तू म्हणायचास. बटर रागावतंय! मी तुझी नक्कल करून सगळ्या स्टाफ बसला हसवायचो. तूही हसायचास.

मला कांजिण्या झाल्या तेव्हाचं आठवतं? खोलीतले बाकीचे दोघे गाद्या उचलून दुसरीकडे गेले. तू राहिलास. माझी ड्यूटी कराय‍चास, स्वतःची करायचास आणि येताना रस्त्याकडेच्या कडुलिंबाचा पाला तोडून आणायचास. एकदा पोलिसानं हटकलं तर "मरीज, मरीज" म्हणत हात जोडलेस. बिचाऱ्याला वाटलं तूच मरीज आहेस, त्यानं पाण्याची बाटली दिली. ती बाटली तू मला आणून दिलीस. बारा दिवस मी तुझ्या हातचं पिठलं इथल्या खुब्ज रोटीबरोबर खाल्लं. माझ्या भावानं कधी केलं नसतं एवढं केलंस. हे सगळं आठवतं आणि मग मला बसवत नाही. तू वाईट असतास तर बरं झालं असतं.

आता त्या केकचं बोलतो.

दोन हजार साल. आपला फ्रेंच इनचार्ज जानेवारीत सोडून गेला आणि जागा रिकामी झाली. आपल्या दोघांपैकी एकाला ती मिळणार, दुसरा ब्रेड सेक्शनला जाणार, हे सगळ्या किचनला माहीत होतं. आपण त्यावर कधी बोललो नाही. तू एकदा म्हणालास, "कुणाला बी मिळू दे, एसी मातर मी म्हणेल तेवढाच." बस.

सगळ्या किचनचे मुख्य शेफ गॅरेथ फेब्रुवारीत वेल्सहून परत आले. वडील वारले म्हणून गेले होते. आल्या आल्या त्यांनी आपल्याला बोलावलं आणि स्टीलच्या टेबलावर सुटकेस उघडली. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, बर्फासारख्या घट्ट बटरच्या विटा, चार किलो. मधाची बरणी. त्यांच्या समुद्राचं मीठ, काचेच्या कपच्यांसारखं. आणि त्यांच्या आईनं केलेला, चहात भिजवलेल्या मनुका-बेदाण्यांचा काळपट पाव. शेफ म्हणाले, "माझ्या भावानं गाई विकल्या. हे आमच्या गोठ्यातलं शेवटचं बटर." मग म्हणाले, "मार्चच्या पहिल्या तारखेला आमच्या संताचा सण. इथली सगळी वेल्श मंडळी जेवायला येतील. मला मिल-फय हवाय. फ्रेंचांचा सगळ्यात अवघड केक, पण आत सगळं आमच्या घरचं."

मिल-फय म्हणजे हजार पानं, मी तुला सांगितलं. खारीसारख्या कुरकुरीत तीन लाद्या, मध्ये क्रीमचे दोन थर. तू मान डोलावलीस. "म्हंजी फ्रेंच खारी. आणि ह्या पावाला काय म्हनत्यात?" शेफनं सांगितलं, बारा ब्रिथ. तू गंभीर तोंड करून मला विचारलंस, "बारा ब्रिथ? मग तेरावं कधी?" मी इतका हसलो की शेफनं अर्थ विचारला आणि मला काहीतरी थाप मारावी लागली. दत्ता, परवा तुझं तेरावं आहे. तुझी ती जीभ मला आता हसूही देत नाही.

पहिला प्रयोग मी केला. पुस्तकाप्रमाणे, ग्रॅम ग्रॅम मोजून. लादी ओव्हनमध्ये गेली आणि दहा मिनिटांत बटर बाहेर आलं. ट्रेमध्ये अक्षरशः भजी तळावीत तशी पेस्ट्री तळली जात होती. एक किलो बटर गेलं. शेफ आले, ट्रेकडे बघितलं आणि त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तू उरलेल्या बटरचा एक तुकडा जिभेवर ठेवलास. "ह्यात ताक ऱ्हायलंय," म्हणालास. "घरचं लोनी हाय हे. आमची आई धुती तसं धुवाय पायजे."

"लोणी धुतात?" मी म्हटलं. "शेवटचं बटर आहे त्यांचं. वाट लावशील."

"वाट तू लावलीस. आता मला बघू दे."

आपलं तिथेच कडाक्याचं वाजलं. मी म्हणत होतो, बाजारचं बिनमिठाचं बटर वापरू, कुणाला कळणार आहे? तू म्हणालास, "त्येला कळंल." आणि काचेतल्या पाठीकडे हनुवटी केलीस. मग बर्फाच्या पाण्याची परात घेऊन कोल्ड रूममध्ये गेलास. मी दारातून बघत होतो. परातीत हात बुडवून तू ते लोणी मळलंस, पिळलंस, पाणी फेकलंस, परत घेतलंस. पांढरट पाणी निघत राहिलं. मग फडक्यात बांधून दाबलंस, मूठभर पीठ त्यात मिसळलंस, थापून चौकोन केलास. तुझे ओठ निळे पडले होते. मी मीठ मोजायला घेतलं तर ओरडलास, "पिठात मीठ नगं! बटरमध्ये हाय ते बास हाय. त्यांचं मीठ वरनं."

तुझंच खरं होतं. सगळ्यातच.

क्रीम मी केलं, एवढं मला म्हणू दे. पण त्यातही दुधात कडक चहा उकळायची कल्पना तुझी, आणि शेफच्या आईच्या पावातला मसाला हुंगून "जायफळ हाय" हे तूच ओळखलंस. आपण दोघं सूक वाकिफच्या बाजारात गेलो, तू इराणी दुकानदाराकडची अर्धा डझन जायफळं कानाशी हलवून बघितलीस. तो वैतागून "यल्ला, यल्ला" करायला लागला तर त्याच्याही कानाशी एक हलवून दाखवलंस. त्यानं मान डोलावली आणि तुला चहा पाजला. मला नाही पाजला.

एक मार्चची सकाळ. लाद्या तू लाटल्यास, सहा घड्या, प्रत्येक घडीनंतर फ्रिजमध्ये आराम. ओव्हनमध्ये दोन ट्रेंच्या मध्ये दाबून भाजल्या. बाहेर काढल्या, वरून मधाचं बोट फिरवलं, परत आत. सोनेरी रंगाच्या पुढचा, विटेच्या आधीचा रंग. मधाच्या वासात ते मीठ टाकलं तेव्हा किचनमधली सगळी माणसं हातातलं काम ठेवून आली. आपण पहिला केक रचला. तू सुरी घेतलीस, कडा कापल्यास आणि जो आवाज झाला तो मला आत्ताही ऐकू येतो. वाळलेल्या पिंपळपानांवरून कुणी चाललं तर येईल तसा. थर मोजता येत होते. तू माझ्याकडे बघितलंस. भुवया उडवल्यास.

तेवढ्यात सिक्युरिटीचा पोऱ्या सांगायला आला, दत्ताला गावाकडून फोन आला होता, घरी ताबडतोब फोन करायला सांगितलंय. तुझ्या हातातली सुरी खाली पडली. सुनंदावहिनींचे दिवस भरले होते. तू ॲप्रनसकट गेटबाहेरच्या बूथकडे धावलास.

आणि शेफ आले.

त्यांनी कापलेला तुकडा उचलला. चावला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. मग विचारलं, "हे लॅमिनेशन कुणाचं?"

दत्ता, मी खूप वेळा ठरवायचा प्रयत्न केला की त्या क्षणी माझ्या मनात काय होतं. जागा होती का? होतीच. पण खरं सांगू, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला वाटलं, हे पाणी माझ्यामुळे आलेलं असावं. एवढंच. मी म्हटलं, "मी, शेफ."

त्यांनी माझा हात धरला. दोन्ही हातांनी. आणि तू दारातून आलास. घामाघूम, पांढरा ॲप्रन धुळीनं भरलेला. "मुलगी झाली!" तू मराठीत ओरडलास, सगळ्या किचनला कळलं. फिलिपिनो पोरांनी तवे वाजवले. शेफनी तुला मिठी मारली आणि प्लेटमध्ये केकचा मोठा तुकडा ठेवून तुझ्या हातात दिला. म्हणाले, "घे, हा तुझ्या मुलीसाठी." तू स्वतःचा केक पाहुण्यासारखा खाल्लास, दत्ता. उभ्यानं. "मस्त हाय," म्हणालास. माझ्या पाठीवर थाप मारलीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मुलगी झाल्याच्या आनंदात हे मध्ये कशाला, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्याकडे कारणं नेहमी तयार असायची.

संध्याकाळी जेवण झाल्यावर एक वेल्श आजीबाई किचनच्या दारात आल्या. केक केला त्याला भेटायचं म्हणाल्या. शेफनी मला पुढे ढकललं. त्यांनी माझे हात हातात घेतले, म्हणाल्या, "किती उबदार आहेत." तू मागे सिंकपाशी परात घासत होतास.

आठवड्यानं ब्रीफिंगमध्ये शेफनी सगळ्यांसमोर सांगितलं, ते लॅमिनेशन बघून निर्णय सोपा झाला, विल्सन पेस्ट्रीचा इनचार्ज, दत्ता ब्रेडला. लॅमिनेशन हा शब्द मीच तुला शिकवला होता. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. एकदाच.

परतीच्या बसमध्ये तू शेजारी बसलास. नेहमीसारखाच. "का रं?" म्हणालास.

"शेफचा गैरसमज झाला," मी म्हटलं. "मी बोलणारच होतो."

"मग बोल की."

"बोलतो."

आपलं भांडण तिथं थांबलं ते थांबलंच. तू परत कधी विचारलं नाहीस. तुला कळतंय का हे माझ्यासाठी किती वाईट होतं? खोली तीच, पलंग तेच. तू सकाळी चहा करायचास, दोन कप. एसीवरून आपण भांडायचो, पहिल्यापेक्षा जास्त जोरात भांडायचो. एकदा मी बटण फिरवलं म्हणून तू उशी फेकून मारलीस, आणि मला बरं वाटलं. वाटलं, आता बोलेल. तू उशी उचललीस, झटकलीस आणि झोपलास. मी कितीदा शेफच्या केबिनपर्यंत गेलो असेन. एकदा दार वाजवलं सुद्धा. त्यांनी वर बघितलं आणि मी ओव्हनच्या थर्मोस्टॅटचं काहीतरी बोलून परत आलो.

तीन वर्षांनी तू गाव गाठायचं ठरवलंस. एअरपोर्टवर मी सोडायला आलो. मी मनाशी वाक्य तयार केलं होतं, "दत्ता, मी बोललो नाही, माझं चुकलं." पण तुझ्या बॅगेचं वजन जास्त भरलं. आपण जमिनीवर बसून बॅग उघडली. मुलीचे फ्रॉक, दुधाच्या पावडरचे डबे, तीन ब्लँकेट. तू डबे काढून माझ्या हातात द्यायचास आणि मी परत घुसवायचो. "खलास, भाऊ, लाइन बढाओ," मागचा ओरडत होता. मग तू आत गेलास. काचेपलीकडून हात केलास, माझ्या हातात पावडरचा एक डबा राहिला होता.

आणि मग दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीत वसईहून मुद्दाम कऱ्हाडला आलो. स्टँडजवळचं तुझं दुकान, बरण्या, काउंटरवर वहिनी, मुलगी पाटीवर काहीतरी गिरवत बसलेली. तू मला खारी दिलीस. मी एक घास खाल्ला आणि काय बोललो? "डालडा वापरतोस?" एवढा प्रवास करून मी हे बोललो. तू चिडलास. "इथं कोन खानार बटरची? एस्टीत बसून चहात बुडवायची असती ही. तुमच्या हॉटेलात मेणबत्त्या लावून खायची न्हवं." मी म्हटलं, तुझ्यासारख्या हातानं डालडा लाटणं पाप आहे. तू म्हणालास, "पाप-पुण्य तू नगं सांगू." वहिनी दचकल्या. मीही. तू लगेच उठलास, "चहा घे," म्हणालास. मी चहा घेतला. पाचची गाडी पकडली.

पाप-पुण्य तू नगं सांगू. बसमधल्या त्या 'मग बोल की'नंतर एवढंच तू त्या विषयावर बोललास, आठ वर्षांत.

परवा मी शेफच्या केबिनमध्ये गेलो. या वेळी आत गेलो आणि दार लावून घेतलं. शेफ आता थकलेत, जूनमध्ये कायमचे परत जाणार आहेत. मी सांगितलं, दत्ता वारला. त्यांना चेहरा आठवायला वेळ लागला. मग सांगितलं, तुमच्या गोठ्यातल्या शेवटच्या बटरचा तो केक, ती घडी त्याची होती. लोणी त्यानं धुतलं होतं. मी खोटं बोललो.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "विल्सन, जागा मी तुलाच दिली असती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. गेस्टसमोर कसा उभा केला असता?"

ऐकलंस? मला जागेसाठी खोटं बोलायची गरजच नव्हती. जागा माझीच होती. तुझं जे होतं ते फक्त एक वाक्य होतं, एका माणसानं डोळ्यांत पाणी आणून तुझा हात धरून म्हणायचं वाक्य. मी नेमकं तेवढंच नेलं.

मी उठलो तेव्हा शेफनी विचारलं, "लोणी धुतलं म्हणजे काय केलं?" मी सांगितलं. बर्फाची परात, निळे ओठ, फडकं. ते ऐकत राहिले. मग खिडकीकडे वळून म्हणाले, "माझी आजी करायची तसं. मला कुणी सांगितलं का नाही?" उत्तर त्यांच्यासमोरच उभं होतं.

तिथून निघालो, लॉकर रूममध्ये उभ्या उभ्या सुनंदावहिनींना फोन लावला. सांत्वनाचे शब्द बातमी आली त्या दिवशीच बोलून झाले होते, या वेळी मी सरळ सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर परत थर्मोस्टॅटचं काहीतरी बोललो असतो. पलीकडून एस्टीचा हॉर्न ऐकू आला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "हे मला कशाला सांगता? मी काय माफ करनार? ज्यानं करायचं तो गेला."

"तो तुम्हाला हे कधी बोलला होता?"

"न्हाय. तुम्ही येऊन गेलासा त्या दिवशी जेवलं न्हाईत, एवढं ठावं हाय."

मी भिंतीला टेकलो. मला वाटलं, आता फोन ठेवतील. ठेवायलाच हवा होता.

मग त्या म्हणाल्या, दुकान नऊ दिवस बंद आहे. गिऱ्हाईकं येऊन जातात. पाव, टोस्ट हाताखालची माणसं करतील, पण खारीची घडी तू कुणाला घालू दिली नाहीस, त्यांनासुद्धा नाही. "म्हनायचे, तुझं हात गरम हायेत." त्या रडत होत्या की हसत होत्या, मला सांगता येणार नाही. "माझं हात गरम असू देत न्हायतर कसं बी असू देत. पोरीची शाळा हाय. मला घडी शिकवायला येता का?"

मी म्हटलं, वहिनी, माझेही हात गरमच आहेत.

"मग बरंच की," त्या म्हणाल्या. "गरम हाताच्या मानसाला कसं शिकवायचं ते तुम्हालाच ठावं असंल."

मी एचआरला सुट्टीचा अर्ज दिलाय. एक्झिट परमिट उद्या मिळेल, इन्शाल्ला. तेराव्याला पोचणार नाही, पण दुसऱ्या दिवशी पोचेन. काय काय आणू म्हणून पुन्हा फोन केला. इथून बटर आणू का, चांगलं मिळतं. वहिनी म्हणाल्या, काही आणू नका, जे परवडतं त्यातच शिकायचंय.

मग त्यांनी विचारलं, "भावजी, आमची भट्टी चारला पेटती. उठनं हुईल न्हवं?"

मी म्हटलं, होईल.